आई, हलू नकोस!

मी सोफा बोलतोय. वास येतोय ना? येणारच. तुम्ही नाक मुरडलंत ते दिसलं मला, पण राग नाही. मलाही गेले काही महिने नाक मुरडावंसं वाटतंय, फक्त ते मला दिलेलं नाही. मात्र मला शिसारी आली आहे ती या वासाची नव्हे, एवढं आधीच सांगून ठेवतो.

सध्या मुक्काम दुबईतलं रास अल खोर. जुन्या फर्निचरचं गोदाम, वर तापलेला पत्रा, एका बाजूला कुणाचा तरी बंद पडलेला फ्रीज आणि दुसऱ्या बाजूला पाय मोडलेलं टेबल. माझा जन्मही इथलाच, दोन गल्ल्या पलीकडच्या वर्कशॉपमधला. स्वस्तातलं लाकूड, बऱ्यापैकी फोम आणि वर बदामी कापड. पण शोरूममध्ये पोचलो आणि मला चिठ्ठी लागली, 'इटालियन'. माणसांबद्दलचं माझं मत तिथूनच बिघडायला लागलं.

"नऊशे दिरहम? म्हणजे वीस हजार झाले गं!" असं चारचौघांत ओरडून ज्यानं मला विकत घेतलं तो सूर्यकांत. मूळ पुण्याचा, दुबईत एका बांधकाम कंपनीच्या खरेदी विभागात. बायको मंजुषा बँकेत, मुलगी आभा शाळेत. दुबई मरीनाला बाविसाव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. खाली निळं पाणी आणि पांढऱ्या बोटी आहेत म्हणे. मला काय माहीत? मला टीव्हीकडे तोंड करून ठेवलं होतं, माझी पाठ समुद्राला.

तर टीव्ही बघणारा माणूस किती घाणेरडा असतो हे माझ्याकडून ऐका. शावरमाचा लसणीचा सॉस हाताला लागला की टिश्यू समोर असताना माझ्या हाताला पुसायचा. घामट मोजे काढून माझ्या फटीत खुपसायचे. चिप्सचा चुरा, खजुराच्या बिया, एकदा तर अर्धी सुरळीची वडी! शी! आणि पाहुणे आले की माझ्यावर चादर पसरून म्हणायचं, "इटालियन आहे."

हे सगळं मी गिळलं. सोफ्याचा जन्म घेतला की गिळावं लागतं. पुढचं मात्र घशाखाली उतरत नाही.

सूर्यकांत आधी इंग्लंडमधल्या एका गडगंज फुटबॉल क्लबचा भक्त होता. मग त्याच्या ऑफिसातला दोस्त खैरुद्दीन, रत्नागिरीकडचा, कामासाठी जर्मनीला जाऊन आला. येताना लिंडेनफुर्ट नावाच्या गावातल्या क्लबचा हिरवा मफलर घेऊन आला आणि दुबईच्या उकाड्यात तो गळ्यात घालून माझ्यावर येऊन बसला.

"सूर्या, गाव आपल्या चिपळूणएवढं असेल नसेल," तो सांगत होता. "क्लब कुणा शेटचा नाय, गावातल्याच लोकांचा. मैदानाच्या पायऱ्या फुटल्या तर रविवारी लोकच येऊन सिमेंट कालवतात. गोलकीपर अगोदर बेकरीत कामाला होता. एखादा पोरगा चमकला की मोठे क्लब पैसे फेकून उचलून नेतात. हे परत नवी पोरं उभी करतात. आणि तरी जिंकतात यार!"

सूर्यकांतचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, खोटं कशाला बोलू? त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "ठरलं. आजपासून आपण हिरवे. आपण नेहमी दुबळ्याच्या बाजूने!"

हे वाक्य लक्षात ठेवा.

त्या वर्षी लिंडेनफुर्टनं युरोपच्या मोठ्या स्पर्धेत धुमाकूळ घातला. समोरच्या संघातल्या एकट्या खेळाडूच्या पगारात यांचा अख्खा संघ यायचा, पण त्या पोरांना कुणी ते सांगितलंच नसावं. पडायची, उठायची आणि पुन्हा धावायची. मलाही आवडायची ती. माझ्यासारखीच स्वस्तातल्या लाकडाची, पण त्यांनी कधी इटालियन असल्याचं सोंग केलं नाही.

त्याच सुमारास पुण्याहून सूर्यकांतची आई आली, सत्यभामाबाई. अंगानं काटकुळी, नऊवारीतून नुकतीच गाऊनवर आलेली आणि जिभेला धार. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या फटीत हात घातला, मोजा बाहेर काढला आणि म्हणाली, "सूर्या, हा सोफा आहे की धोब्याचं गाठोडं?" त्या क्षणी मी तिचा झालो.

माझ्या डाव्या कोपऱ्यात बसून ती मेथी निवडत होती, समोर लिंडेनफुर्टचा सामना चालू होता. गोल झाला. ती पाणी प्यायला उठली, लगेच समोरच्यांनी गोल फेडला. ती परत येऊन बसली आणि हिरव्यांचा दुसरा गोल!

"आई!" सूर्यकांत किंचाळला. "हलू नकोस! तुझी जागा लकी आहे!"

खूळ घरचंच होतं. ती हसत सुनेला म्हणाली, "याचे बाबा क्रिकेट लागलं की मला ओट्यापाशी उभी करायचे. मी पोळ्या लाटत राहिले तर विकेट पडत नाही म्हणे. जन्मभर उभी होते, आता बसायला सांगतायत. प्रगतीच म्हणायची!"

सगळे हसले. मीही हसलो असेन.

मग प्रत्येक सामन्याला तेच. डावा कोपरा, आई, मांडीवर खैरुद्दीनचा मफलर. तीही रंगायला लागली. गोलकीपर तिचा लाडका. "माझा बेकरीवाला कुठाय? आज जेवलाय ना नीट?" स्पेनचा श्रीमंत संघ घरी गेला, मग इटलीचा. सूर्यकांतनं तिचे व्हिडिओ ऑफिसच्या ग्रुपवर टाकले. लिफ्टमध्ये अनोळखी लोक तिला "लकी काकी" म्हणू लागले. तिला गंमत वाटायची.

पण तिला रक्तदाबाची गोळी होती, आणि त्या गोळीनं सारखं बाथरूमला जावं लागायचं. घरात सगळ्यांना माहीत होतं. सूर्यकांतच तर ती गोळी फार्मसीतून आणायचा.

सेमीफायनलला तिनं विचारलं, "जाऊन येऊ का रे?" आभा म्हणाली, "आजी, नो! डोन्ट मूव्ह, प्लीज!" ती थांबली. मध्यंतरात मंजुषानं तिला नेऊन आणलं. ती शिसारी मला त्या दिवशीच यायला लागली होती.

फायनल शनिवारी होती, संध्याकाळी आठला. समोर इंग्लंडचा तोच गडगंज क्लब, ज्याचा सूर्यकांत पूर्वी भक्त होता. ऑफिसातली सगळी गँग आली. त्याचे साहेब अरुण आले, त्यांना मधोमध बसवलं. इथला कडक 'करक' चहा, समोसे, बिर्याणी आणि माझ्यावर माणसंच माणसं. सत्यभामाबाई डाव्या कोपऱ्यात, हिरवी साडी नेसवलेली, गळ्यात मफलर. देवीच म्हणा ना, फक्त देवीला उठायची परवानगी नव्हती.

"काकी, आज हलायचं नाही हं!" साहेब म्हणाले.

"नाही हलत," ती म्हणाली. बसली तेव्हा ती खूश होती.

मध्यंतरात बाथरूमपाशी पुरुषांची रांग लागली. ती बिचारी त्या रांगेत उभी राहायला लाजली. मंजुषा स्वयंपाकघरात बिर्याणी गरम करत होती. मग सामना पुन्हा सुरू झाला. एक-एक बरोबरी. वेळ संपली, जादा वेळ आली. ती माझ्यावर कशी आवळून बसली होती ते फक्त मला कळत होतं.

"सूर्या," ती हळूच म्हणाली. "मला जरा उठायचंय रे."

"आई, प्लीज. थोडाच वेळ."

जादा वेळही संपली. आता पेनल्टी.

"सूर्या, मला जायचंय."

"आई, आता? आता नाही! दोन मिनिटं बस!" आणि त्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. प्रेमानं ठेवला असं त्याला वाटत असेल. मी खाली होतो, मला दाब कळला. तो हात तिला दाबून धरत होता.

खैरुद्दीननं मान वळवली. "अरे सूर्या, जाऊ दे की काकींना."

"खैरू, तू गप! तूच म्हणालास ना, जिंकायचंय!"

खैरुद्दीन तिच्याकडे बघत राहिला, क्षणभरच. मग समोर पेनल्टीची शिट्टी वाजली आणि तोही टीव्हीकडे वळला. त्याचं मला जास्त वाईट वाटलं, कारण त्याला कळलं होतं.

शेवटची पेनल्टी गडगंज क्लबची. बेकरीवाला जागचा हललाच नाही. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, मधोमध उभा राहिला आणि चेंडू थेट त्याच्या छातीवर आला. त्याच क्षणी माझ्या डाव्या कोपऱ्यात ऊब पसरली.

घर फुटेल एवढी आरोळी उठली. चिपळूणएवढ्या गावानं युरोप जिंकला होता! साहेब माझ्यावर बुटांसकट चढून नाचले. सूर्यकांत रडत होता. "दुबळे जिंकले! आपण जिंकलो! आई, ऊठ! ऊठ ना, नाच आता!"

तिनं दोन्ही हातांनी माझी कड धरली. "गुडघे धरलेत रे. बसते मी."

"काकी, उठा की! फोटो!"

"बसू द्या हो मला."

आता सगळे तिला उठवत होते आणि ती उठत नव्हती. कुणी तरी सेल्फी काढला. त्यात ती हसते आहे. तसं हसणं पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये.

लोक गेले. सूर्यकांत त्यांना सोडायला खाली गेला. तेव्हा ती म्हणाली, "मंजुषा, दिवा मालव गं जरा." मंजुषानं दिवा मालवला, जवळ आली आणि तिच्याभोवती चादर गुंडाळली. सूर्यकांत परत आला तेव्हा सासू-सुना बाथरूमच्या दारात होत्या. त्यानं दिवा लावला, माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"काय गं आई! सांगायचं ना!"

सांगायचं ना! मला तोंड असतं तर मी थुंकलो असतो त्याच्यावर. लसणीचा सॉस परवडला, मोजे परवडले. त्या ओलीची तर मला एका क्षणासाठीही किळस वाटली नाही. ती एका मानी बाईची नाइलाजाची ओल होती. किळस वाटली ती या दोन शब्दांची.

तिनं बाथरूमचं दार लावून घेतलं. पुढच्या आठवड्यात पुण्याला गेली. जाताना माझ्याकडे बघायचं तिनं टाळलं, आणि ते मला लागलं. मंजुषानं मला घासलं, फवारे मारले, पण वास हटेना. "ह्याला काढा," ती म्हणाली. मला नव्हे, घडलेलं काढून टाकायचं होतं तिला. फोन झाला, दोन माणसं आली आणि मी इथे आलो.

संपलं असतं इथेच. पण आज दुपारी गोदामात कोण यावं? सूर्यकांत! घामाघूम, आणि मला बघून चेहरा फुललेला.

"हाच! हाच माझा सोफा!" तो गोदामवाल्या पठाणाला म्हणाला. मग त्यानं खिशातून फोन काढला, आईला लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्यावर बसला. डाव्या कोपऱ्यात. बरोब्बर तिच्या जागी.

"आई, आपला सोफा सापडला! नवा सीझन सुरू झाल्यापासून हिरवे सारखे हरत होते ना? काल मी इथे फोन करून सोफा बुक केला आणि काल जिंकले बघ! तीन-शून्य! टेन्शननं मी मॅचच बघितली नाही. डाग तसाच ठेवणार आहे, लकी आहे तो. तू कधी येतेस?"

डाग लकी! शी, शी, शी! मला वाटलं माझा फोम आतल्या आत कुजून जाईल.

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. मग ती म्हणाली, "मी बघितली कालची मॅच."

"हलली नाहीस ना?"

"तीनदा उठले. एकदा गोळी घ्यायला, दोनदा बाथरूमला. तिन्ही वेळा परत येऊन बघते तर गोल झालेला!"

सूर्यकांत हसला, पण अर्धवटच.

"आणि सूर्या, मला बोलावतोयस, की सोफ्याला माणूस हवंय?"

"असं काय बोलतेस आई..."

"तू त्या दिवशी म्हणालास, सांगायचं ना. सांगितलं होतं रे मी. दोनदा सांगितलं. तुझा हात माझ्या गुडघ्यावर होता." आवाज चढला नव्हता. "ठेवते. दूध उतू जाईल."

फोन बंद झाला. तो बसून राहिला. त्याचा तळवा माझ्या डागावर होता. हळूच त्यानं तो उचलला आणि त्याच हाताकडे बघत राहिला. मी त्याला आधार दिला, कारण सोफ्याला तेवढंच येतं. माफ मात्र केलं नाही.

"यल्ला साब, उठो," पठाण म्हणाला. "गाडी में डालना है क्या?"

"नको," तो मराठीतच म्हणाला. मग भानावर आला. "रहने दो, भाई."

आणि उठला. उठावंसं वाटलं, उठला. त्याच्या गुडघ्यावर कुणाचा हात नव्हता.

तो गेला, आता तुम्ही आलात. किंमत विचारताय, कापड चाचपताय. घ्या मला, खुशाल घ्या. चहा सांडा, सॉस पुसा, मोजेसुद्धा कोंबा. माझी एकच अट आहे. माझ्यावर बसलेलं माणूस म्हणालं, मला उठायचंय, तर त्याला उठू द्या. सामना काय, हरला तर हरू दे मेला.