स्विचवरची पाटी

सकाळपासून तीन झटके बसले होते. तिसऱ्या वेळी लेकीनं बाबांचा हात धरलेला होता. ठोके बिघडले की ते ताळ्यावर आणायला छातीत बसवलेल्या मशीननं झटका दिला, म्हातारा पलंगावर उडाला आणि तिच्या बोटांना झिणझिण्या आल्या. तिनं हात सोडून दिला. तेव्हापासून ती खुर्ची मागे ओढून बसली होती आणि तिची तिलाच लाज वाटत होती.

बाबा तिला ठिणगी म्हणत. सारा जन्म विजेच्या खांबांवर काढलेल्या लाइनमनला लेकीसाठी दुसरं कुठलं लाडाचं नाव सुचणार? राग तर तिच्या नाकावरच असायचा. त्या रागाच्या जोरावर दोन वर्षं तिनं बाबांचं मीठ तोडलं, पाणी मापानं दिलं, रोज सकाळी वजनकाट्यावर उभं केलं. पण हृदय थकलं ते थकलंच. आता सूज मांड्यांपर्यंत चढली होती आणि चार शब्द बोलले की बाबांना धाप लागत होती.

डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बोलावलं.

"एखाद-दुसरा दिवस. त्यांना त्रास होऊ नये एवढं आम्ही बघू. पण मशीन चालू ठेवलं तर ते शेवटपर्यंत झटके देत राहील. माणूस निघालाय हे त्याला कुठं कळतं? बंद करायला तुमची सही हवी."

"म्हणजे मी मारू त्यांना?"

"मशीन बंद केल्यानं ते जाणार नाहीत. फक्त झटके थांबतील."

पटत होतं, पण हात धजत नव्हता. तिनं परगावच्या भावाला फोन लावला. "बंदबिंद काही करू देऊ नकोस, मी उद्या पोचतोय," म्हणाला. फोनवरून शूर व्हायला काय जातं! इथं पुढचा झटका तासाभरात बसेल की पाच मिनिटांत, कुणालाच सांगता येत नव्हतं. ती आत आली.

"बाहेर काय शिजतंय?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"ठिणगे, तुला... खोटं बोलता येत नाही. सांग."

मग तिनं रडत, चिडत सगळं सांगून टाकलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते.

"स्विचवरची पाटी... कुणी काढायची?"

हे तिला लहानपणापासून पाठ होतं. खांबावर चढण्याआधी लाइनमन लाइन बंद करतो आणि स्विचवर स्वतःच्या नावाची पाटी अडकवतो. मग साहेब येवो नाहीतर साहेबाचा बाप, त्या स्विचला कुणी बोट लावायचं नाही.

"ज्याची पाटी, त्यानंच," ती म्हणाली.

"मग छाती... कुणाची आहे? कागद आण."

डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या तेव्हा चांगल्याच ओशाळल्या होत्या. "आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं," म्हणाल्या. मशीन म्हणजे काय, बंद केल्यावर काय होईल, सगळं त्यांनी बाबांना समजावलं. बाबांनी दम खात सही केली. अक्षरं वाकडीतिकडी आली, पण नाव पुरतं लिहिलं.

टेक्निशियन आला. छातीवर चपटी डबी ठेवून तो समोरच्या पडद्यावर बटणं दाबू लागला. तेवढ्यात मॉनिटर किंचाळला. ठोके सैरावैरा धावत सुटले होते. आता बसणार चौथा! बाबांनी दोन्ही मुठी आवळल्या.

"एक सेकंद... एकच सेकंद..." टेक्निशियन पुटपुटला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "झालं. बंद."

मॉनिटर आणखी थोडा वेळ ओरडला, मग ठोके आपसूक ताळ्यावर आले. झटका बसला नाही. बाबांच्या मुठी हळूहळू सुटल्या.

त्यांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. ती अजून हातभर लांबच होती. ती का लांब बसली होती, हे म्हाताऱ्याला सकाळपासून ठाऊक होतं.

"लाइन बंद केलीय," ते म्हणाले. "आता धर हात."

तिनं खुर्ची पलंगाला चिकटवली आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. संध्याकाळी बाबा गेले, तेव्हाही तो तिच्याच हातात होता.