मायरा उजळत होता

१९९७च्या पोंगलनंतरची गोष्ट. कुंभकोणमची वेदवती आणि तिचा धाकटा भाऊ रघूत्तम, दोघेही शाळेत शिकवणारे. दहा वर्षं ते घराच्या गच्चीवरून रूपविकारी तारे, म्हणजे तेज कमीजास्त होणारे तारे, पाहत आले होते. आसपासच्या ताऱ्यांशी ताडून तेज ठरवायचं आणि वहीत उतरवायचं, एवढंच वेड. दोन महिन्यांपूर्वी दुर्बिणीतूनच सापडणारा मायरा हा तारा आता नुसत्या डोळ्यांना दिसू लागला होता. तो पाहायला शेजारची भुवनेश्वरी नेहमीसारखी दिवेलागणीनंतर वर आली होती.

"टीचर, परवापेक्षा उजळलाय की!" ती हरखून म्हणाली.

तेवढ्यात जिना दणाणला. भुवनेश्वरीचा नवरा जानकीराम पहार घेऊन वर आला.

"अंधारात परक्या पुरुषापाशी?" त्याने बायकोचे केस धरून तिला कठड्यावर आपटलं. रघूत्तम मध्ये पडला, तशी पहार त्याच्या तोंडावर बसली. डावा डोळा फुटला. तो कोसळला, तरी जानकीराम लाथा घालतच राहिला.

वेदवतीने पोरांवर कधी छडीही उगारली नव्हती. तिने दुर्बीण उलथवली, तिच्या तिवईचा लोखंडी पाय उपसला आणि जानकीरामच्या गुडघ्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो पडला. तिने पुन्हा हाणलं, खांद्यावर, मग बरगड्यांवर.

"टीचर, मरेल तो!"

"मरू दे!" वेदवती ओरडली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून तिने तो लोखंडी पाय टाकून दिला.

रघूत्तमचा डोळा गेला. पोलिसांनी दोन्हीकडच्या तक्रारी लिहून घेतल्या. गल्लीतले म्हणू लागले, मिटवून टाका, बाईची अब्रू आहे. भुवनेश्वरीने कुणाचं ऐकलं नाही.

"अंधारात तुम्ही काय पाहत होतात?" जानकीरामच्या वकिलाने कोर्टात खोचकपणे विचारलं.

"तारा," ती म्हणाली. मग कोणत्या दिवशी तो किती उजळ होता, ते तिने घडाघडा सांगितलं. आणि त्याच आवाजात अकरा वर्षांचा मारही सांगितला.

जानकीरामला चार वर्षांची सजा झाली. वेदवती सुटली.

घरी येताना रघूत्तम म्हणाला, "अक्का, तू नसतीस तर मी उरलो नसतो."

"रघू, मी तुला वाचवायला मारत नव्हते. पहिल्या घावानंतर नाही."

 त्याने तिचा हात धरला.

"ते मला तेव्हाच दिसलं होतं," तो म्हणाला.