ताकायामाची बस

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आरशातून मागे पाहिलं. बसमध्ये दोनच माणसं उरली होती. यशोदा सीटवरून उठली, स्वेटरवरून घसरलेला पदर कमरेला खोचला आणि दांडा धरत धरत पुढे आली.

"ताकायामा?" तिने विचारलं.

ड्रायव्हरने मान लववली आणि काहीतरी लांबलचक सांगितलं. मग काचेबाहेर हात दाखवला. बाहेर रस्ता संपला होता. लाल-पिवळ्या पानांचा डोंगर थेट बसच्या नाकापर्यंत येऊन थांबला होता. एक बंद दुकान, त्याच्या बाजूला थंड पेयांचं उजळलेलं यंत्र, आणि वर धुकं. गाव म्हणावं असं काही नव्हतंच.

"ये ताकायामा नहीं है?" यशोदाने हिंदीत विचारलं. मग आवाज चढवून, "नो ताकायामा? माय सन. हॉस्पिटल. ताकायामा!"

ड्रायव्हर आणखी खाली वाकला. त्याच्या चेहऱ्यावर इतकी दिलगिरी होती, की यशोदाला रडूच यायला लागलं. ती मागे वळली. आत्माराम खिडकीशी बसून होता. गळ्यावरचा सुती रुमाल त्याने नीट केला आणि बायकोकडे पाहिलं.

"चुकीच्या बसमध्ये बसलो आपण," ती म्हणाली. "मीच बसवलं तुम्हाला."

चूक तिचीच होती. डोंगरातल्या मोठ्या बसस्थानकावर गाडी बदलायची होती. दोन बस शेजारी शेजारी उभ्या, दोन्ही एकाच रंगाच्या. आत्मारामने तिची बाही ओढली होती, पलीकडच्या बसकडे बोट दाखवलं होतं. तिला वाटलं, त्याला पाणी हवंय. "आत बसल्यावर देते," असं म्हणून तिने बॅग वर चढवली, त्यालाही चढवलं. हल्ली तो काही सांगायला लागला की त्याला काय हवं असेल ते तीच ठरवून टाकायची.

दीड वर्षापूर्वी आत्मारामच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. त्यांच्या गावात, उमेळ्यात, त्याचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. केळीच्या वाडीतून त्याने "यशोदे" अशी हाक मारली की तिसऱ्या घरातल्या यशोदाच्या जावेलाही चहा टाकायची वेळ झाल्याचं कळायचं. आता तो गळ्यातल्या भोकातून श्वास घ्यायचा आणि ओठ हलवायचा. ते ओठ एकट्या यशोदाला वाचता यायचे. पाहुणे यायचे, त्याच्या समोर बसायचे आणि तिला विचारायचे, "आता कसे आहेत हे?" तो कागदावर लिहायला घ्यायचा, पण दोन शब्द लिहून होईपर्यंत समोरचा माणूस यशोदाकडे बघायला लागलेला असायचा. मग त्याने लिहिणं सोडलं. नंतर फाटकाबाहेर जाणंही सोडलं. त्याचं सगळं बोलणं यशोदा बोलायची, आणि उमेळ्यात सगळे म्हणायचे, बाईने नवऱ्याला फुलासारखं जपलंय.

जपानला ती दोघं सुनेच्या बाळंतपणासाठी आली होती. मुलगा प्रणव ताकायामाजवळच्या एका कारखान्यात कामाला होता. क्षितिजाचे दिवस भरायला अजून पंधरवडा होता, आणि प्रणव त्यांना घ्यायला टोकियोच्या विमानतळावर येणार होता. त्याऐवजी विमानातून उतरल्या उतरल्या त्याचा फोन आला. क्षितिजाला पहाटेच कळा सुरू झाल्या होत्या, रक्तदाबही वाढला होता.

"आई, मी तिला सोडून येऊ शकत नाही. तुम्ही आज तिथेच राहा. मी हॉटेल बघतो."

"हॉटेलात राहायला आलो का आम्ही?" यशोदा म्हणाली. "तिच्याजवळ घरचं बाईमाणूस कुणी नाही. गाड्या सांग, आम्ही येतो."

मग त्यांनी टोकियो पार केलं. प्रणव हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून व्हिडिओवर वाट दाखवत होता आणि यशोदा फोन आरतीच्या तबकासारखा दोन्ही हातांत धरून चालत होती. शिंजुकूच्या स्टेशनात एवढी माणसं होती, पण कुणी कुणाला धक्का देत नव्हतं की कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. यशोदाने तिघांना रस्ता विचारला. तिघांनीही "हाय, हाय" म्हटलं, म्हणजे जपानीत "हो, हो", तेव्हा गावच्या बोलीतल्या "हाय"मुळे तिला क्षणभर गावातच असल्यासारखं वाटलं, पण पुढचं काही कळेना. आत्माराम मात्र डोकं वर करून चालत होता. पाट्यांचे रंग बघत होता, बाण बघत होता, लोकांचे पाय कुठे वळतात ते बघत होता. जिथून पुढे बस धरायची होती त्या मात्सुमोतोची गाडी आधी त्यालाच दिसली. गाडीत तो काचेला नाक लावून बसला. उंच इमारती मागे पडल्या, द्राक्षांचे मळे आले, मग बर्फाने पांढरी झालेली शिखरं. यशोदाने सगळ्याचे फोटो काढले. त्यामुळे डोंगरातल्या बसमध्ये बसेपर्यंत फोनने मान टाकली.

आणि आता ही रस्ता संपलेली जागा.

"काय करायचं हो?" यशोदाने विचारलं. तिच्या लक्षात आलं, की हा प्रश्न तिने दीड वर्षात नवऱ्याला विचारलाच नव्हता.

आत्माराम उठला. ती मधे उभी होती. त्याने तिला दोन्ही खांद्यांना धरून हलकेच सीटवर बसवलं आणि पुढे गेला. ड्रायव्हरसमोर उभा राहून त्यानेही तशीच मान लववली. बाहेर थंडी आणि आत ऊब, त्यामुळे दाराच्या काचेवर वाफ धरली होती. आत्मारामने त्या वाफेवर बोट टेकवलं. आधी छपराचं टोक काढलं, त्याखाली माडीची खिडकी, मग पडवी, आणि पडवीत दार. यशोदाला वाटलं, हा घर काय काढत बसलाय. मग त्याने शेजारी तीन उभ्या रेघा ओढल्या, मधली उंच, आणि खालून त्या एका आडव्या रेघेने जोडल्या.

"आ!" ड्रायव्हर म्हणाला. "ताकायामा!"

पलीकडच्या बसच्या पाटीवर होती तीच ही दोन जपानी अक्षरं, ताकायामाच्या नावाची. यशोदा दिवसभर ताकायामा, ताकायामा म्हणत आली होती. तिचे उच्चार त्या माणसापर्यंत पोचले नव्हते की तिथून पुढे काय हवं ते पोचलं नव्हतं, कोण जाणे. आत्मारामने मान हलवली. मग त्याने स्वतःच्या पोटावरून हवेत मोठा गोल काढला, दोन्ही हातांचा पाळणा करून झुलवला, आपल्या पांढऱ्या केसांना हात लावला आणि छातीवर बोट ठेवलं. शेवटी मनगटावर टिचकी मारून घाई असल्याचं सांगितलं.

ड्रायव्हर हसला. त्यानेही पाळणा करून झुलवला आणि तीन बोटं वर केली. त्याला तीन नातवंडं होती. मग तो आत्मारामशी बोलायला लागला. आत्माराम त्याच्या हातांकडे आणि भुवयांकडे बघत ऐकत होता. ड्रायव्हरने घड्याळ दाखवलं, खाली उतरणारा रस्ता दाखवला, फोन कानाला लावून कुणाशी तरी बोलला, आणि फोन ठेवताना आत्मारामकडे बघून तळहात उभा केला. थांब, असा. की थांबवली आहे, असा.

आत्माराम मागे येऊन बसला. त्याचे ओठ हलले.

"गाडी धरून ठेवताहेत," यशोदाने वाचलं. "आपल्यासाठी?"

परतीच्या वाटेवर बसमध्ये तिसरं कुणी नव्हतं, तरी ड्रायव्हर प्रत्येक थांब्याचं नाव माईकवरून सांगत राहिला. नदी कधी डावीकडे, कधी उजवीकडे दिसत होती. अंधारायच्या आत ते मोठ्या स्थानकावर पोचले. ताकायामाची शेवटची बस दिवे लावून, दार उघडं ठेवून उभी होती. आत माणसं आपापल्या जागेवर शांत बसली होती. यशोदा ओशाळून खाली मान घालून चढली. आत्माराम मात्र मधल्या वाटेत उभा राहिला, हात जोडले आणि कमरेतून वाकला. सगळी बस बसल्या जागी वाकली.

जागा एकत्र मिळाली नाही. आत्माराम एका म्हाताऱ्या बाईशेजारी बसला, यशोदा त्यांच्या मागे. त्या बाईने पिशवीतून संत्रं काढून त्याला दिलं आणि बोलायला सुरुवात केली. बोगद्यात बोलली, वळणांवर बोलली. मधेच हसायची, मधेच डोंगराकडे हात करून उसासा टाकायची. आत्माराम मान डोलवत होता, भुवया उंचावत होता, एकदा तर त्याचे खांदे हसण्याने हलले. यशोदा दोन सीटच्या फटीतून बघत होती. त्या बाईला आत्मारामला बोलता येत नाही हे कळलंच नव्हतं. त्याला जपानी येत नाही, एवढंच तिने धरलं होतं, आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

यशोदाच्या तोंडाशी कितीदा तरी आलं, की सांगावं, यांचं ऑपरेशन झालंय, यांना त्रास होईल. पण सांगणार कुठल्या भाषेत? थोड्या वेळाने तिचा डोळा लागला. ती गाढ झोपली.

ताकायामाला उतरले तेव्हा प्रणव बसस्थानकावर येरझाऱ्या घालत होता. मागची बस त्यांच्याशिवाय आली होती.

"आई, कुठे होतात तुम्ही? फोन बंद! मी पोलिसांकडे जायला निघालो होतो. बाबांना घेऊन तू कशी..."

"मी कुठलं घेऊन येते," यशोदा म्हणाली. "यांनी आणलं मला."

प्रणवने बापाकडे पाहिलं. आत्मारामने एका हातातली बॅग दुसऱ्या हातात घेतली आणि विचारलं. ओठ नुसते हलले, पण प्रणवला कळलं. क्षितिजा कशी आहे, असं तो विचारत होता.

"ठीक आहे, बाबा," प्रणव म्हणाला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्याने बापाच्या प्रश्नाचं उत्तर बापाला दिलं. "अजून वेळ आहे म्हणतात. तुमचीच वाट बघतेय."

उजाडायच्या सुमाराला मुलगी झाली. क्षितिजाने शेवटपर्यंत सासूचा हात सोडला नाही. रक्तदाब उतरला, दोघी सुखरूप होत्या. नर्सने दुपट्यात गुंडाळलेलं बाळ बाहेर आणलं आणि कुणाकडे द्यावं म्हणून पाहिलं, तर आत्मारामने आधीच हात पुढे केले होते.

त्या मुक्कामात तो घरी फारसा सापडला नाही. यशोदा सुनेचं अंग शेकायची, बाळाला न्हाऊ घालायची, आणि आत्माराम बसने निघायचा. कधी गवती छपरांच्या गावी, कधी नदीकाठच्या बाजारात. येताना पिशवीत मुळे असायचे, एकदा कुणी शेतकऱ्याने दिलेलं भलं मोठं लाल भोपळ्यासारखं काहीतरी. प्रणव सुरुवातीला चिडायचा. मग तोच बसच्या वेळा आणून द्यायला लागला.

तीन महिन्यांनी दोघं उमेळ्याला परतली. पुढच्याच आठवड्यात मुंबईच्या हॉस्पिटलात तपासणी होती. यशोदा सकाळी लवकर उठली, बाहेर नेसायची साडी नेसली, फाइल काढली, पर्स खांद्याला लावून ओटीवर आली. आत्माराम इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. त्याने तिच्या हातातून फाइल घेतली. मग तिच्या खांद्यावरची पर्स काढून खुर्चीवर ठेवली.

"अहो, डॉक्टर काय काय विचारतात," ती म्हणाली. "झोप लागते का, गिळताना दुखतं का. कोण सांगणार?"

त्याने तिच्याकडे नुसतं पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट थोडं हसूच होतं. यशोदा बाजूला झाली. तो फाटक उघडून गेला. वळणावर पालिकेची बस येऊन थांबली, त्याने हात केला आणि चढला.

शेजारची पॉलिन कुंपणाशी भाजी खुडत हे सगळं बघत होती.

"काय गो यशोदाबाय, एकटेच पाठवलेस? डॉक्टरशी बोलणार कोण?"

"तेच बोलतील."

"अगो, पण ते..."

"पॉलिन," यशोदा म्हणाली, "तिकडे मुकी मी होते. हे नव्हते."

पॉलिनला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती परत भाजी खुडायला लागली. यशोदा घरात गेली. गॅस बंद होता, भांडी घासून झाली होती, दोन माणसांचा स्वयंपाक दुपारशिवाय करायचा नव्हता. तिने घरातून एक फेरी मारली. मग पर्स उचलली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कुंपणावरून पॉलिनच्या हातात दिली.

"हे आधी आले तर दे."

"तू कुठे चाललीस?"

यशोदा चपला घालत होती. तिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

"बघते," ती म्हणाली. "बस कुठली येते त्यावर आहे."