पाचव्या ओळीतला चौकोन

मंगळवारी तो हॉलमध्ये काम करत होता. व्यवस्थापक त्याचा मोबाइल हातात घेऊन आत आला, तेव्हाच त्याला कळलं. त्या हॉलमध्ये कुणाचाही मोबाइल आत येत नसे. सगळे दाराजवळच्या कपाटात कुलूपबंद. "घ्या, दवाखान्यातून आहे," व्यवस्थापक म्हणाला. बायको चष्म्याचा नंबर काढायला गेली होती. तिथल्या जिन्यावरच कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आठ कंपन्यांची व्हीपीएनची, म्हणजे दोन ऑफिसांना इंटरनेटवरून गुप्तपणे जोडणारी यंत्रं महिनाभर त्या हॉलमध्ये होती. प्रत्येकाचं दुसऱ्याशी जमतं का, एवढंच बघायचं. जोडणी तासभर टिकली की दोन्हीकडच्या तपासनिसांनी भिंतीवरच्या तक्त्यात त्या जोडीच्या चौकोनात सही करायची. तो एका कंपनीचा, बायको दुसरीची, टेबलं समोरासमोर. दोन्ही यंत्रांत एकच पासवर्ड लागे. तो तिने त्या सकाळी सगळ्यांदेखत ओरडून सांगितला होता.

"लिहून घ्या! ओला टॉवेल पलंगावर टाकू नये!"

"शब्दांमधल्या मोकळ्या जागा ठेवायच्या?" त्याने विचारलं.

"ठेवायच्या. आणि घरीही पाळायचं."

अख्खा हॉल हसला होता. जोडणी पहिल्या फटक्यात लागली. "तासाभरात येते, मग सही करते," म्हणून ती गेली. तास पुरा झाला, जोडणी टिकली, त्याने आपली सही केली.

दहा दिवसांनी तो कामावर आला. जोडणी चालूच होती. समोरच्या टेबलावर बायकोची ऑफिसातली मैत्रीण बसली होती.

"भाऊजी, चौकोन अर्धाच आहे. तिच्याऐवजी मी सही करू?"

व्यवस्थापकाने मान खाली घातली. "जिने जोडणी लावली, तिचीच सही. नाहीतर सगळं पुसून पहिल्यापासून. पासवर्डही नवा."

हा नियम व्यवस्थापकाचा नव्हता; गेल्या वर्षी त्याने स्वतःच भांडून करून घेतला होता. कुणीही कुणाची सही ठोकतं म्हणून. "आता हेडमास्तरच व्हा," असं बायको तेव्हा म्हणाली होती.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "पुसावंच लागेल."

"मग नवा काय ठेवू, भाऊजी? काहीही सांगा."

त्याने कीबोर्डवर हात ठेवला. चार शब्द जुळवायचे, तेवढेही सुचेनात.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

घरी जाऊन त्याने अंघोळ केली आणि टॉवेल दोरीवर टाकला. दुसऱ्या दिवशीही तो "उद्या सांगतो" म्हणाला. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीने विचारलंच नाही.

तपासणी शुक्रवारी संपते. अठ्ठावीस चौकोनांपैकी सत्तावीस भरले आहेत. पाचव्या ओळीतला एक अर्धाच राहिला आहे; ती जोडणी अजून चालूच आहे.