गडगडाट आणि अडीच मासे

माझ्या नवऱ्याला साके चढली की ते उभे राहतात. बसून बोलता येत असलं तरी उभेच राहतात. मे महिन्यात आमच्या लेकीच्या, मिसाओच्या लग्नात ते असेच उभे राहिले आणि ताकाओकाहून आलेल्या सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, "वर्षअखेरीला तुमच्या घरी मासा येईल, आणि तो माझ्या जाळ्यातला असेल. दुकानातला पाठवला तर तोकुजी नाव लावणार नाही!" मी खालून त्यांचा कोट ओढत होते. तोवर टाळ्या पडल्या होत्या.

मुलीच्या लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात माहेरहून सासरी बुरी मासा जातो, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. या माशाला लहानपणी एक नाव, जरा वाढला की दुसरं, मग तिसरं. चौथ्या नावाला तो बुरी होतो. जावईही असाच पायरी पायरीने वर चढो, म्हणून हाच मासा. सासरचे अर्धा ठेवतात, अर्धा परत पाठवतात. मासा गेलाच नाही तर तोंडावर कोणी काही बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं. शेजारणी विचारणार, "काय गं सूनबाई, माहेरचा आला का?" आणि माझी पोर मान खाली घालणार.

आता हा मासा यायचा तर आधी आभाळ कडाडावं लागतं. बर्फ पडत असताना एकदा जोरात गडगडलं, की खोल पाण्यातला बुरी जागा होतो आणि आमच्या खाडीत शिरतो. डोंगरापलीकडच्या लोकांना बर्फात गडगडाट म्हटलं की नवल वाटतं. आयुष्यात एखाद्या वेळी ऐकला तर ऐकला. आम्ही त्याची वाट बघत बसतो. यंदा बर्फ आला, गुडघाभर साचला, पण मुका. हे रोज पहाटे होडीवर जायचे आणि परत आल्यावर बूट असे काढायचे, की मी काही विचारायचे नाही. जाळ्यात माकुलं आणि बारीकसारीक मासळी, दुसरं काही नाही.

चोवीस तारखेला मिसाओचा फोन आला.

"आई, बाबांना सांग ना, मासा नाही मिळाला तरी चालेल. सासूबाई काही म्हणणार नाहीत."

"तूच सांग की."

"मी नाही बाई!"

फोन ठेवला आणि मला राहवेना. बसने शेजारच्या शहरात गेले, कारण इथल्या बाजारात घेतला असता तर मी घरी पोचायच्या आत गावाला कळलं असतं. दक्षिणेच्या समुद्रातला चांगला सात किलोचा मासा घेतला. खोक्यावर तिकडच्या बंदराचं हे एवढं मोठं नाव छापलेलं. घरामागच्या पर्सिमनच्या झाडाखाली बर्फात ते पुरलं आणि वरून फावड्याने सारखं केलं.

सव्वीसला दुपारी मी अंगणात मुळे धूत होते. बर्फ पडत होता, आवाज कसलाच नव्हता. एकदम सगळं जांभळं झालं, बर्फसुद्धा. आणि मग कडाडलं! एकच, पण असं की कपाटातल्या बश्या खणखणल्या आणि छपरावरचा बर्फ धप्पकन माझ्या मुळ्यांवर आला. मी ओरडले. भीतीने नाही, आनंदाने ओरडले. पन्नाशी उलटलेली बाई, हातात मुळा घेऊन गल्लीत धावले.

गल्लीभर दारं उघडत होती. शेजारच्या तोमेआजी, ज्यांना दहा वर्षांत कोणाचं बोलणं ऐकू आलेलं नाही, त्या अनवाणी पायरीवर उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या. "मी ऐकलं! अगं किनुए, मी ऐकलं!"

"आजी, आत जा, पाय गोठतील!" मी त्यांच्या कानात ओरडले.

"काय म्हणालीस?"

हे झोपेतून उठून, एका पायात मोजा घालून बाहेर आले. आभाळाकडे बघत नुसते उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं, ते बर्फाचं आहे असं त्यांनी नंतर सांगितलं. तेवढ्यात घरात फोन वाजला. लहानपणी गडगडलं की मिसाओ रजईत शिरायची आणि हे तिला समजवायचे, "रडू नको, कोणीतरी माशांना उठवतंय." मी धावत जाऊन फोन उचलला. पलीकडे हसण्याचा गोंधळ, वाऱ्याचा आवाज.

"आई, आम्ही बाहेर उभे आहोत, मी आणि सासूबाई! इथपर्यंत ऐकू आलं! बाबांना सांग, उठले मासे, उठले!"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता होड्या परतल्या त्या पाण्यात दबून. एकट्या आमच्या जाळ्यात तीनशेवर बुरी. हे अकरा किलोचा मासा बाळासारखा छातीशी धरून आले आणि म्हणाले, "मागे बर्फात ठेवतो. दुपारी निघू."

मी चुलीपाशी होते. मागे म्हणजे कुठे, हे माझ्या डोक्यात यायला जरा उशीर झाला. गेले तोवर पर्सिमनखाली ते फावडं टेकवून उभे, पायाशी खोकं, आणि खोक्यावर ते एवढं मोठं नाव.

"हे पाहुणे कधी आले?"

"चोवीसला," मी म्हणाले. लपवून काय उपयोग?

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नव्हता."

"तुमच्यावर होता. आभाळावर नव्हता."

त्यांनी फावडं बर्फात खुपसलं. मला वाटलं, आता सणाचा विचका झाला. मग त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि बर्फाकडे बघत म्हणाले, "होडीच्या शेडमध्ये अजून एक आहे. बावीसला आणला."

"दुकानातून?"

"दुकानातून."

"आणि लग्नात छाती ठोकत कोण होतं? आता काय नाव लावणार, तेही ठरवून ठेवा!"

आम्ही दोघं बर्फात बसून हसलो. इतकं, की तोमेआजी कुंपणावरून डोकावून विचारायला लागल्या, पुन्हा गडगडलं का म्हणून.

अकरा किलोचा ताकाओकाला पोचवला. विहीणबाईंनी दारातच हात जोडले, आणि मिसाओ माझ्याकडे न बघता आधी माशाचे कल्ले उघडून बघायला लागली. बापाचीच पोर.

एकोणतीसला जावई आमच्या वाटचा अर्धा परत घेऊन आला. "सगळं मिसाओनेच कापलं," म्हणाला. तो गेल्यावर मी कापड उघडलं. आमच्याकडे काट्याची बाजू आली होती, आणि मधल्या काट्याला बोटभर जाडीचं मांस तसंच राहिलेलं.

"घ्या," मी म्हणाले. "सासरी जाऊन सुरी धरायची विसरली पोर. विहीणबाई काय म्हणाल्या असतील?"

हे वाकून बघत राहिले. काट्यावरून अंगठा फिरवला. दहा वर्षांची होती तेव्हा यांनीच ओरडून ओरडून तिला शिकवलं होतं, काटा असा साफ निघाला पाहिजे की मांजर रडेल. आणि तिच्या सुरीखालून काटा तेव्हाच इतका साफ निघायचा, की मांजर रडायला लागलं होतं.

"विसरली नाही," ते म्हणाले. "हात अजिबात हललेला नाही. मुद्दाम वर धरलीय सुरी, शेपटीपर्यंत. आपल्याला जास्त यावं म्हणून."

त्यानंतर गल्लीतल्या प्रत्येक घरात आमच्याकडचा मासा गेला. दोन अख्खे होते, संपता संपेनात. हा अर्धा मात्र यांनी कोणाला दिला नाही. नवीन वर्षाच्या सकाळी काट्याजवळचा तुकडा आधी माझ्या ताटात वाढला, आणि या वेळी बसूनच म्हणाले, "खा. पोरीने पाठवलाय."