संत्र्याची लाल जेली

सुट्टी लागली त्याच्या दुसऱ्याच सकाळी आईने जाहीर करून टाकलं, की यंदा स्वयंपाकघर मुलांचं. रोज एक पदार्थ. काय करायचं ते मुलांनी ठरवायचं, करायचंही मुलांनीच. सुरी आणि गॅस तेवढा आईच्या हातात राहील. बाकी ती फक्त चाखणार.

"यात अट काय आहे?" मुलीने विचारलं. ती दहा वर्षांची होती आणि प्रत्येक गोष्टीत उलटतपासणी करायची, म्हणून घरात तिला सगळे वकीलच म्हणत. तिचा सहा वर्षांचा भाऊ ढब्बू असल्या भानगडीत पडत नसे. तो एव्हाना स्टुलावर चढून साखरेच्या डब्यात हात घालून मोकळा झाला होता.

"अट कसली? सुट्टी आहे, मजा करा," आई म्हणाली आणि पाठमोरी होऊन उगाच ओटा पुसायला लागली.

आई बिस्किटांच्या कारखान्यात चाखणीला होती. अकरा वर्षं. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक खेपेतलं एक बिस्किट चाखणीच्या खोलीत यायचं. ते ती मोडायची, हुंगायची, जिभेवर ठेवायची आणि सांगायची: लोणी कालचं आहे, व्हॅनिला थेंबभर जास्त पडलाय, तीन नंबरच्या भट्टीत काहीतरी करपून चिकटलंय. तिचं कधी चुकत नसे. भट्टीवाले कौतुकाने म्हणत, बाईंच्या नाकावर माशी बसली तर तिने सकाळी काय खाल्लं तेही बाई सांगतील.

आणि आता त्या नाकाला काहीच कळत नव्हतं. सोळा दिवसांपूर्वी चार दिवसांचा साधा ताप येऊन गेला आणि जाताना वास घेऊन गेला. पहिल्या दिवशी तिला वाटलं सर्दी आहे. तिसऱ्या दिवशी तिने कॉफीच्या डब्यात नाक खुपसलं. काही नाही. साबण, व्हिनेगर, ढब्बूचे मोजे, सगळं सारखंच. जिभेला गोड, आंबट, खारट एवढं कळायचं, त्यापलीकडे सगळा पुठ्ठा. नाक-कान-घशाच्या डॉक्टर म्हणाल्या, "येईल परत. महिन्यात येईल, नाहीतर वर्षही लागेल. काहींचा नाही येत. रोज चार-पाच उग्र वास घेत राहा."

तापाच्या रजेला जोडून तिने मुलांच्या सुट्टीचं निमित्त करून आणखी रजा टाकली. नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं काहीतरी तिच्या डोक्यात बसलं होतं. सोमवारी कामावर जायचं होतं आणि सोमवारीच संत्र्याच्या नव्या बिस्किटावर चाखणीची शेवटची सही व्हायची होती. सही तिची.

म्हणून हा मुलांचा स्वयंपाक. रोज नवं काहीतरी समोर येईल, कधीतरी नाक दचकून जागं होईल, अशी तिला आशा होती.

मुलांना यातलं काय माहीत? पहिल्या दिवशी त्यांनी काकडीच्या होड्या केल्या. काकडी उभी चिरून आतला गर चमच्याने कोरला, त्यात किसलेलं चीज भरलं आणि गाजराच्या चकतीचं शीड काडीवर टोचलं. दुसऱ्या दिवशी उकडलेल्या बटाट्याचे साळिंदर. बटाटा कुस्करून, मीठ-मिरपूड घालून त्याचे लंबगोल गोळे केले, अंगभर शेवयांचे भाजलेले तुकडे खोचले, डोळ्यांना दोन दोन मिरे. ढब्बूचा साळिंदर आडवा झाला तेव्हा त्याने तो झोपलाय असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ब्रेडची घरं, टोमॅटोची कौलं लावून.

आई खायची आणि बोलायची. "वा! मिरपूड अगदी बेताची." "चीजला थोडं लिंबू चाललं असतं." रंग बघून, अंदाजाने. आणि बोलता बोलता उठायची. गॅसचं बटण बंद आहे ना ते बघायची. परत येऊन बसायची, परत उठायची. गॅस गळला तर आपल्याला कळणार नाही, ही एकच गोष्ट तिच्या मानेवर बसलेली होती. खिडकी उघडी आहे ना? दूध उतू जाईल का? तिच्या पायाला नुसती भिंगरी लागली होती. न्हाणीघरात जाऊन ती साबण हुंगायची, बाहेर येऊन व्हिनेगरची बाटली. घास गिळताना तिला वाटायचं, आत्ता येईल, आत्ता. यायचं काहीच नाही.

वकीलचं लक्ष होतं. आई पूर्वी अशी बोलायची नाही. पूर्वी ती म्हणायची, "हे लिंबू सकाळी कापलेलं आहे, उघडं ठेवलं होतंस." आता म्हणत होती, "छान, छान." मावशी साडी बघून म्हणते तसं.

शुक्रवारी मुलांनी जेली केली. आईने पाणी उकळून दिलं आणि ती कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली. वकीलने संत्र्याचा रस काढला, त्यात साखर आणि जेलीची पूड विरघळवली. मग बिटाचा एक तुकडा किसून त्याचे चार-पाच थेंब पिळले. रस लालभडक झाला.

"संत्र्याची जेली लाल कशी?" ढब्बूने विचारलं.

"गप. गंमत आहे."

संध्याकाळी वाट्या टेबलावर आल्या. आईने चमचा भरला. थंड, गोड, जरा आंबट. समोर लाल रंग थरथरत होता.

"अगं, काय सुंदर! स्ट्रॉबेरी अगदी ताजी वाटतेय."

ढब्बू खुर्चीत उड्या मारायला लागला. "हरली, आई हरली! संत्रं आहे ते!"

आईने चमचा खाली ठेवला. ती हसायला गेली पण ते हसू काही जमलं नाही. वकील मात्र हसत नव्हती.

"मला माहीतच होतं," ती म्हणाली. "तू आमचं काही चाखतच नाहीस. तुझं लक्षच नसतं. उगाच छान छान करतेस. चार दिवस आम्ही एवढं करतोय!"

"असं नाही गं..."

"मग कसं? तुला संत्रं कळत नाही? तुला?"

आईच्या तोंडाशी आलं होतं. पण टेबलापलीकडे नवरा बसला होता, ढब्बू बसला होता. ती म्हणाली, "दमलेय जरा," आणि उठून गॅसचं बटण बघायला गेली. वकीलने आपली वाटी तशीच टाकली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

शनिवारी वकील स्वयंपाकघरात फिरकलीच नाही. ढब्बूला पुन्हा साळिंदर हवे होते, म्हणून आईने बटाटे उकडायला ठेवले आणि पातेल्याशेजारी भांडं धरायचं फडकं टाकलं. तेवढ्यात फोन वाजला. चाखणी विभागाच्या प्रमुख होत्या.

"सोमवारी येताय ना? सगळं तुमच्यासाठी थांबवून ठेवलंय. बाकी तिघांची मतं तीन दिशांना गेलीत. तुम्ही म्हणाल ते."

"हो, मॅडम. येते."

फोन ठेवून ती खिडकीपाशी उभी राहिली. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणीतरी गादी झटकत होतं. सोमवारी काय करायचं? रंग बघायचा, आवाज ऐकायचा, बाकीच्यांचे चेहरे वाचायचे आणि ठोकून द्यायचं? अकरा वर्षांच्या अनुभवावर एखाद दिवस निभेल. पण मंगळवारी? लोक डबे घरी नेतात, लहान मुलांच्या हातात देतात. एखादी खेप खवट निघाली तर?

किती वेळ गेला, तिला कळलं नाही.

"आई! जळतंय! आई, काय जळतंय?"

वकील दारात उभी होती, नाकावर हात. आईने वळून पाहिलं. पातेल्यातलं पाणी केव्हाच आटलं होतं, बटाटे तळाशी काळे पडले होते, फडक्याचा कोपरा ज्योतीत गेला होता आणि त्याला लाल कडा चढत होती. खोली धुराने निळी झाली होती. आणि आई तिथून दोनच पावलांवर उभी होती.

तिने गॅस बंद केला, चिमट्याने फडकं उचलून मोरीत टाकलं, नळ सोडला. मग ओट्याला पाठ टेकून ती तिथेच फरशीवर बसली.

वकील जवळ आली. आईच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली असावी, कारण तिचा आवाज एकदम खाली आला.

"तुला वास येत नाही."

आईने मान हलवली.

"कधीपासून?"

"ताप आला होता ना, तेव्हापासून."

"बाबांना माहितीये?"

"नाही."

"आणि कारखान्यात?"

"नाही."

वकील तिच्या शेजारी फरशीवर बसली. "मग मी शुक्रवारी तुला इतकं बोलले ते..."

"बरोबरच बोललीस. मी खोटंच सांगत होते."

ढब्बू दारातून डोकावून म्हणाला, "माझे साळिंदर मेले का?" आणि दोघी रडता रडता हसल्या.

संध्याकाळी नवरा आला. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होता. हाताला ग्रीस, खिशात पक्कड. त्याने सगळं उभ्यानेच ऐकलं. ऐकताना नुसता पक्कड उघडझाप करत राहिला.

"वीस दिवस," तो शेवटी म्हणाला. "वीस दिवस मी या घरात राहतोय की शेजारी? मी रोज विचारतोय झोप का लागत नाही, आणि तू म्हणतेस उकडतंय."

"नोकरी गेली तर?"

"गेली तर गेली. हे घर पेटलं असतं तर?" मग त्याचा आवाज उतरला. त्याने पक्कड खिशात टाकली. "उद्या गॅस गळला की वाजणारं यंत्र आणतो. तोवर तू त्या बटणाला हात लावू नकोस. तुझ्या बघण्यानेच ते झिजलंय."

रविवारी वकीलने आईला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. तिने रात्रीच एक यादी केली होती: वासाशिवाय काय काय खाता येतं. कुरकुरीत. गार. गरम. झणझणीत. आंबट. गिळगिळीत ढब्बूने सुचवलं होतं, ते तिने खोडलं. बाबा गॅसपाशी आणि सुरीपाशी. मुलं बाकी सगळीकडे.

टेबलावर आलं ते असं: बर्फात ठेवलेले कोबीचे तुकडे, दातांखाली फुटणारे. गरम टोमॅटोचं सार आणि त्यात ऐन वेळी टाकलेले ब्रेडचे कुरकुरीत चौकोन. सफरचंदाच्या फोडींवर लिंबू, मीठ आणि तिखट. गोठवलेल्या द्राक्षांची माळ, जी ढब्बूने आधी स्वतःच्या गळ्यात घालून बघितली होती.

"डोळे मीट," वकील म्हणाली. "आता खरं सांगायचं. छान म्हटलंस तर बाद."

आईने कोबी चावला. "आवाज मोठा आहे. पाणी खूप आहे याच्यात." सार प्यायली. "गरम. आंबट जास्त झालंय, साखर घातलेली नाही." सफरचंद. "तिखट जिभेच्या टोकाला लागतंय, मागे नाही. मीठ एका बाजूलाच पडलंय."

"ते माझं," ढब्बू म्हणाला.

तिने पूर्ण ताट संपवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मध्ये दोनदा ती खुर्चीतून अर्धवट उठली आणि दोन्ही वेळा नवऱ्याने नुसतं तिच्याकडे पाहिलं, तशी ती खाली बसली. पण तिचा पाय टेबलाखाली हलतच राहिला. उद्याचं घोडं अडलेलंच होतं.

सोमवारी चाखणीच्या खोलीत पांढऱ्या बशीत संत्र्याची सहा बिस्किटं मांडून ठेवली होती. प्रमुख मॅडम, तिघे सहकारी, टेबलावर सहीचा कागद. तिने एक बिस्किट उचललं, कानाजवळ नेऊन मोडलं. सवयीने नाकाशी नेलं. खोलीत सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आत्ता काहीही म्हटलं असतं तरी खपलं असतं.

"मोडताना आवाज बसका येतोय," ती म्हणाली. "मध्ये ओल राहिलीये, दोन मिनिटं भट्टी कमी पडली. एवढंच मला सांगता येईल. संत्र्याचं मला विचारू नका. मला तीन आठवडे वास येत नाहीये, मॅडम. मी सही करणार नाही."

मॅडमनी बिस्किट उचलून स्वतः मोडलं, परत ऐकलं. "हे तुम्ही फोनवर सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग होता. "सगळं थांबवून बसलोय आम्ही."

"हो."

"चाखणीवर ठेवता येणार नाही तुम्हाला."

"माहितीये."

मॅडमनी कागद बाजूला सारला. "भट्टीवर जा उद्यापासून. ओल, रंग, मोडतानाचा आवाज एवढं बघायचं. नाक परत आलं तर या खुर्चीचं काय होईल, ते मी आज सांगू शकत नाही. कबूल असेल तर या."

तिने कबूल केलं. भट्टीवर उकाडा भयंकर, सकाळची पाळी, आणि जे लोक तिच्या नाकाचं कौतुक करायचे त्यांच्याच हाताखाली आता शिकायचं. पहिल्याच दिवशी तिने बसक्या आवाजाची एक अख्खी खेप अडवली आणि भट्टीवाल्यांची तोंडं वाकडी झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिला हाक मारली, "बाई, हे जरा ऐका."

वास चार महिन्यांनी यायला लागला, तोही वेडावाकडा. टूथपेस्टला रबराचा, पावाला ओल्या कागदाचा. डॉक्टर म्हणाल्या, हे चांगलं लक्षण आहे. घरात वकील रोज संध्याकाळी तिच्यासमोर एकेक वस्तू धरते, ती काय वाटतं ते सांगते आणि वकील खरं काय ते वहीत लिहून ठेवते. काल दहापैकी तीन बरोबर आले. ढब्बूच्या मते चार यायला हवे होते, कारण त्याच्या मोज्यांना खरंच ओल्या कागदाचा वास येतो.