वामकुक्षी आणि वाफेची टाकी

दुपारचे डबे संपले, की शीलो गावातल्या एका सोया सॉसच्या कारखान्यात दिवे मालवले जातात आणि साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे टेबलावर डोकं टेकून झोपतात. तैवानात यात लाजण्यासारखं काही नाही. अडचण एवढीच, की कारखान्याचे व्यवस्थापक को साहेबांनी मालकांना सांगून ठेवलं होतं : आमचा नियंत्रण कक्ष डोळ्यांत तेल घालून जागा असतो.

मंगळवारी ऐन झोपेच्या वेळी कुणीतरी संगणकावरून निर्जंतुकीकरणाच्या टाकीची वाफ तोडली. टाकीभर माल नासला. हुकूम गेला होता नियंत्रण कक्षातल्या श्यू-चिंगच्या नावाने, तिच्याच पासवर्डने. हल्लेखोर हुडकायला बसवलेली पहारा यंत्रणा ढिम्म राहिली. तिच्या लेखी ते घरचंच माणूस होतं.

तपासाला तैपेहून संगणक-हल्ल्यांच्या जाणकार पान बाई आल्या.

"ताई, वाफ तुम्ही तोडलीत?" त्यांनी श्यू-चिंगला विचारलं.

"छे! मी झोपले होते."

को साहेब खाकरले. "गंमत करतेय. आमच्याकडे कुणी झोपत नाही."

"म्हणजे या जाग्या होत्या, आणि हुकूमही यांचाच. मग हल्ला कसला? ताईंची चूक. तसं लिहिते, त्यांना घरी पाठवा."

बावीस वर्षांची नोकरी हातची चालली होती. श्यू-चिंगने साहेबांकडे पाहिलं. "साहेब, मी जागी होते, तर तुमचं घोरणं मी ऐकलं असणार. तेही लिहायला सांगू?"

साहेब छताकडे बघू लागले.

"आणि हल्ला नाही, तर बाहेरून येणारी इंटरनेटची लाइनही मी तोडत नाही," पान बाई म्हणाल्या. "उद्या दुपारी दुसरी टाकी नासेल."

दुसऱ्या टाकीत मालकांच्या मुलीच्या लग्नात वाटायचा सॉस होता.

"दिवे मीच मालवले," साहेब म्हणाले. "सगळे झोपले होते. मी जरा जास्तच."

पान बाईंनी लाइन तोडली. बॉयलर दुरुस्तीवाल्यांना दुरून काम करता यावं म्हणून उघडी ठेवलेली ती वाट. चोर तिथूनच शिरला होता. श्यू-चिंगची नोकरी वाचली. पहारा यंत्रणेला नवा धडा दिला गेला : झोपेच्या वेळी हुकूम कुणाच्याही नावाने येवो, तो शत्रूच.

पुढच्या आठवड्यात मालक नेमके भरदुपारी आले. को साहेबांनी सगळ्यांना ताठ बसवलं, आणि आपण किती जागे आहोत हे दाखवायला स्वतःच्या हाताने संगणकावरून वाफ जराशी वाढवली.

भोंगा वाजला. दिवे लाल झाले.

"सापडला, साहेब," श्यू-चिंग म्हणाली.